जादूगाराची पेटी मोडीत जाण्याआधी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका भंगाराच्या दुकानात मला एक पितळी लोटा मिळाला. पंख्याची पाती, कुकरची झाकणं आणि नळाच्या तोट्यांच्या ढिगात तो आडवा पडला होता. दुकानदारानं काट्यावर ठेवला. "नऊशे ग्राम भरतोय. पितळ हाय, सर. देवाला न्या, नायतर मोडीत घाला," म्हणाला. मी हातात घेऊन पाहिला. बाहेरून अगदी साधा. चिंचेनं घासला तर कुठल्याही देवघरात शोभेल असा. पण तोंडातून बोट आत घातलं, की ते जिथं पोचायला हवं तिथं पोचत नाही. का पोचत नाही, ते मी इथं लिहिणार नाही.

ज्यांनी लहानपणी जादूचे प्रयोग पाहिलेत त्यांना हा लोटा आठवेल. प्रयोगाच्या सुरुवातीला जादूगार त्यातलं पाणी बादलीत ओततो, लोटा पालथा धरून शेवटचा थेंबही झटकतो आणि बाजूला ठेवतो. दोन खेळ होतात. मग सहज आठवण झाल्यासारखा तो लोटा उचलतो, पुन्हा पालथा करतो आणि पुन्हा पाणी पडतं. असं पाच-सहा वेळा. शेवटी शेवटी तो लोट्याकडं नुसता वळला तरी पोरं ओरडायला लागतात. जगभरचे जादूगार या खेळाला 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणतात. परदेशातल्या जादूच्या सामानाच्या कॅटलॉगांतही या भांड्याचं नाव 'लोटा' असंच छापलेलं असतं.

भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. या लोट्याच्या काठाखालीही ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. पुढचं सगळं नाव कुणीतरी कानशीनं घासून काढलंय. सुरुवातीचं एक अक्षर तेवढं राहिलंय : 'प्रो.' म्हणजे प्रोफेसर. त्या काळातला जवळजवळ प्रत्येक जादूगार स्वतःला प्रोफेसर म्हणवून घ्यायचा. हा कुठला प्रोफेसर, कुठल्या पेठेतला, त्याचे प्रयोग कुठं व्हायचे, हे सगळं त्या कानशीच्या खरवडीबरोबर गेलं. वस्तू विकताना घरच्यांना नावाची लाज वाटली असेल, किंवा दुकानदारानंच ते पुसलं असेल. चारशे रुपये देऊन मी लोटा घरी आणला. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे आणि ती मला कोल्हापूरकरांपुढं मांडायची आहे. जादूगारांनी आपली गुपितं जरूर जपावीत. पण गुपितांच्या नावाखाली त्यांचा सगळा इतिहासच मोडीत चाललाय. तो थांबवण्याचं काम हौशी संग्राहकांवर सोडून भागणार नाही, ते गावानं करायला हवं. आणि त्यासाठी आत्ताच्या इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नाही.

आत्ताच का, ते सांगतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासून उभं असलेलं ते 'पॅलेस थिएटर' तासाभरात कोळसा होताना बघून मोठमोठी माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पुढं निधी जाहीर झाला, जसं होतं तसंच पुन्हा उभं करायचं ठरलं. भिंती, छत, खुर्च्या, ध्वनियोजना यांवर गावात भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण नाट्यगृह म्हणजे नुसता सांगाडा नसतो. शंभर वर्षांत त्या फळ्यांवर कोण कोण उभं राहिलं, त्याची हँडबिलं, तिकिटं, फोटो, पडदे, पेट्या हेही नाट्यगृहच असतं. सांगाडा पुन्हा बांधता येतो. हे दुसरं नाट्यगृह मात्र गावभर माळ्यांवर आणि ट्रंकांत विखुरलेलं आहे आणि त्याला रोज थोडी थोडी आग लागते आहे. दिवाळीच्या साफसफाईत, वाटण्यांत, बिल्डरला वाडा देताना.

संगीत नाटकांची आठवण ठेवायला माणसं आहेत. संहिता छापलेल्या आहेत, गाण्यांच्या तबकड्या आहेत. कुस्तीला खासबाग मैदान आहे, तालमीतल्या भिंतींवर पैलवानांचे फोटो आहेत. जादूला यातलं काहीच नाही. तिची संहिता लिहिलेली नसते. लिहिली असली तरी ती वहीत, तीही सांकेतिक अक्षरांत. प्रयोग संपला की प्रेक्षकाच्या हातात फक्त तिकिटाचा अर्धा तुकडा उरतो. साहित्य घडवणारे लोक तर कुणाच्याच नोंदीत नसतात. दुहेरी तळाची पेटी करणारा सुतार, पत्र्याच्या नळकांड्या करणारा, कोटाला नको तिथं खिसे शिवणारा शिंपी. जादूगारानं त्यांना कुणाला न सांगायची शपथ घातलेली असते आणि ते बिचारे ती मरेपर्यंत पाळतात.

मग इतिहास लिहायचा कशावरून? माझ्याकडं एक उदाहरण आहे. माझ्या वडिलांचा मंगळवार पेठेत ट्रेडल प्रेस होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, तालमींची पावतीपुस्तकं आणि खेळांची हँडबिलं. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ते खिडकीजवळच्या तारेवर खोचून ठेवायचे. प्रेस बंद झाला तेव्हा ती तार मी तशीच घरी आणली. त्यात एक गुलाबी हँडबिल आहे, वीतभर लांब. वर मधोमध कवटीचा ब्लॉक, खाली मोठ्या लाकडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या ठशांत, 'मायाजाल!! मायाजाल!!'. मग बारीक टाइपात एकेक खेळ. 'मुलीस करवतीने दोन तुकडे करणे', 'प्रेक्षकांच्या घड्याळाचा चुरा', 'हवेत तरंगणारी कन्या'. त्याखाली 'शनिवार ता. १४ नोव्हेंबर, रात्रौ ९॥ वाजता', 'दर २ रु., १ रु. व ५० न.पै.' आणि शेवटी 'सकाळी ११ वाजता डोळे बांधून बिंदू चौकातून मोटारसायकल चालविणार'.

साल नाही. हँडबिलावर साल कोण छापणार? ते चार दिवसांत रद्दीत जायचं म्हणूनच छापलेलं असतं. पण 'न.पै.' म्हणजे नये पैसे. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि 'नये' हा शब्द गेला १ जून १९६४ ला. या सात वर्षांत १४ नोव्हेंबरला शनिवार एकदाच येतो, १९५९ साली. म्हणजे अजून महाराष्ट्र राज्य झालेलं नव्हतं, संयुक्त महाराष्ट्राचा लढा चालू होता आणि त्या शनिवारी सकाळी अकराला बिंदू चौकात एक माणूस डोळ्यांवर कणकेचे गोळे थापून, वर काळी पट्टी बांधून मोटारसायकलवर बसला होता. एका कपट्यावरून इतकं कळतं. आता कुणी त्या आठवड्यातली कोल्हापूरची वर्तमानपत्रं काढून बघितली तर त्या दिवशी काय झालं तेही कळेल. तिकिटाचे दर त्या वेळच्या सिनेमाच्या दरांशी ताडून बघितले तर जादू बघायला कुठल्या थरातली माणसं यायची याचा अंदाज येईल. मुद्रकाचं नाव छापणं तर १८६७ च्या कायद्यापासून बंधनकारकच होतं. त्यामुळं कोपऱ्यातली ती बारीक ओळ बघून कुठला जादूगार कुठल्या गावांतून फिरत आला तेही लावता येतं. असा एक कागद फेकला की एक संध्याकाळ कायमची जाते.

कुणी म्हणेल, जाऊ दे की. हातचलाखीचे खेळ ते, त्यांचा कसला इतिहास? मला हे म्हणणं फार महागात पडलेलं दिसतं. आपण नोंद ठेवली नाही म्हणून आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय काय रचलं ते बघा. हिंदुस्थानातली दोरीची जादू सगळ्या जगाला माहीत आहे. दोरी आकाशात सरळ उभी राहते, पोरगा वर चढतो आणि नाहीसा होतो. या दंतकथेचं आजचं रूप जगभर पसरलं ते १८९० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं छापलेल्या बातमीतून. काही महिन्यांनी त्या पत्रानंच कबूल केलं, की ती बातमी रचलेली होती. तोवर उशीर झाला होता. खुलासा कुणी वाचला नाही, गोष्ट मात्र सगळ्यांनी ऐकली. पुढची कितीतरी वर्षं साहेब लोक इथं येऊन तो खेळ शोधत राहिले. १९३४ साली लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेनं तो करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनी बक्षीस लावलं होतं. आणि इथले गारुडी खरोखर जे करत होते, तीन वाट्या आणि गोळ्यांचा खेळ, मातीच्या ढिगातून उगवणारं आंब्याचं रोप, टोपलीतली मुलगी, त्याची नीट नोंद आपल्या भाषेत कुणी केली?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रामो सामी नावाचा एक दक्षिण भारतीय कलावंत इंग्लंडात गेला. तलवार गिळायचा, वाट्या-गोळ्यांचे खेळ करायचा, तिथल्या मोठ्या रंगमंचांवर त्याचं नाव होतं. १८५० साली तो वारला तेव्हा अंत्यविधीसाठी पैसे नव्हते, बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली. हे आज आपल्याला माहीत आहे, कारण इंग्रजांनी आपली वर्तमानपत्रं जपून ठेवली. तो तमिळनाडूतल्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या बाजारात मेला असता तर त्याचं नावसुद्धा राहिलं नसतं. हुडिनीसारखा जगप्रसिद्ध जादूगारही उमेदवारीच्या काळात, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात, तोंडाला रंग फासून 'हिंदू फकीर' बनून खेळ करत होता. म्हणजे आमचं सोंग विकलं जात होतं आणि आम्ही मूळ माणसांची दखल घेत नव्हतो.

कोल्हापूरला तर जादूकडं सावत्रपणानं बघण्याचा अधिकारच नाही. आपण स्वतःला कलापूर म्हणवतो ते चित्रपटांमुळं, आणि चित्रपट जादूगाराच्या घरातूनच आला. दादासाहेब फाळके सिनेमाकडं वळण्याआधी जादूचे प्रयोग करायचे. आडनावातली अक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं 'प्रो. केळफा'. पुढं १९१६ मध्ये त्यांनी आपले हे खेळ कॅमेऱ्यासमोरही केले. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलियसनं १८८८ साली रॉबेर-ऊदँ या थोर जादूगाराचं थिएटर विकत घेतलं आणि त्या रंगमंचावरची गायब करण्याची, तुकडे करण्याची कला पुढं पडद्यावर नेली. आमचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याकडं गेले, तो कॅमेराही त्यांनी इथंच घडवला. देव प्रकट होतो, राक्षस अदृश्य होतो, डोंगर हलतो, हे सगळं पौराणिक नाटकांतल्या ट्रिकसीनमधून मूकपटांत आलं. हा एकच धंदा होता आणि त्यात सुतार, पेंटर, जादूगार, नट सगळे एकमेकांच्या शेजारी काम करत होते.

आणि त्या मूकपटांचं काय झालं? बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट आज बघायला मिळत नाहीत. मेलियसच्या शेकडो फिल्मांची सेल्युलॉइड पहिल्या महायुद्धात वितळवून फ्रेंच सैनिकांच्या बुटांच्या टाचा केल्या गेल्या आणि १९२३ साली हताश होऊन त्यानं उरलेल्या निगेटिव्ह स्वतःच्या हातानं जाळल्या. मोडीत घालणं म्हणजे काय, ते यापेक्षा उघड कुठं दिसत नाही. ज्या वेळी त्या गोष्टी स्वस्त होत्या, गल्लीबोळात मिळत होत्या, त्या वेळी त्या जपण्यासारख्या आहेत असं कुणाला वाटलं नाही. आज त्यांच्या एकेका फुटासाठी आपण हळहळतो. जादूच्या साहित्याची आज तीच वेळ आहे.

हौशी संग्राहक हे काम करत आहेत असं सांगितलं जातं. काही करतातही आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, त्यांच्याशिवाय आहे तेही राहिलं नसतं. पण कपाटात वस्तू असणं आणि इतिहास जपला जाणं यात फार अंतर आहे. संग्राहक देखणी वस्तू घेतो. रंगीत पोस्टर घेतो, जमाखर्चाची वही सोडतो. वारलेल्या जादूगाराचा कात्रणांचा अल्बम पानं सुटी करून विकला की पैसे जास्त येतात, म्हणून अल्बम फाडले जातात. वस्तू कुठून आली, कुणी वापरली, हे लिहून ठेवलेलं नसतं. संग्राहक गेला की त्याची मुलं तेच करतात जे जादूगाराच्या मुलांनी केलं होतं.

आणि जपण्यातही चुका होतात. माझ्याच हातून झाली. वडिलांच्या तारेवरची अकरा हँडबिलं मी हौसेनं लॅमिनेट करून घेतली. प्लॅस्टिक चढलं, कागद चकचकीत झाला, मला फार समाधान वाटलं. आज त्यातली सात पिवळी पडून आतल्या आत तडकली आहेत, एकावर शाई पसरली आहे आणि ते प्लॅस्टिक आता कागद फाडल्याशिवाय निघत नाही. तारेवर नुसती लटकत होती ती हँडबिलं आजही चांगली आहेत. कागदाला हवा लागते, त्याला सेलोटेप आणि लॅमिनेशनइतकं नुकसान वाळवीही करत नसेल. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

पुराचं तर वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१. पंचगंगेचं पाणी ज्या घरांत शिरलं तिथल्या माळ्यावरच्या ट्रंका वाचल्या, पलंगाखालच्या गेल्या. सगळं एका ठिकाणी ठेवण्यातला धोका परदेशातही अनुभवलाय. कॅनडातल्या नायगारा फॉल्स इथं हुडिनीच्या साहित्याचं संग्रहालय होतं. १९९५ साली त्याला आग लागली आणि ज्या पाण्याच्या पेटीतून तो उलटा लटकून सुटायचा, तिचा फक्त धातूचा सांगाडा उरला. म्हणून वस्तू एका ठिकाणी आणि तिचे फोटो, नोंदी दुसऱ्या ठिकाणी असल्याच पाहिजेत.

संग्रह करायचा तर आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागेल. नुसती पोस्टरं आणि हँडबिलं जमवली तर ज्यांच्याकडं हँडबिलं छापायला पैसे नव्हते ते सगळे बाहेर राहतील. रस्त्यावर खेळ करणारा गारुडी, मदारी. एकनाथांच्या भारुडांत त्याला जागा मिळाली, कायद्यानं मात्र त्याला भिकाऱ्यांत बसवलं. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंध कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा खेळ करून दाखवणं यांच्या निमित्तानं रस्त्यावर पैसे मागणंही येतं. म्हणजे माझ्या त्या गुलाबी हँडबिलाच्याच सुमारास रंगमंचावरचा प्रोफेसर दोन रुपयांचं तिकीट लावत होता आणि तोच वाट्या-गोळ्यांचा खेळ बाहेर चटईवर करणारा माणूस कायद्यानं पकडण्याजोगा ठरत होता. बायकोच्या हातातली ढोलकी, पोराला चादरीखाली झोपवून "बोल बेटा, साहेबाच्या खिशात काय?" असं विचारणं, हे जोतिबाच्या यात्रेत ज्यांनी पाहिलं-ऐकलंय ती माणसं आहेत तोवर ते ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवं. त्यांचा कागद नाही, फक्त आवाज आहे.

आता गुपितांचा प्रश्न. जुने जादूगार आणि त्यांची घरची माणसं साहित्य द्यायला तयार होत नाहीत ते याच भीतीनं, की संग्रहालयात ठेवलं म्हणजे सगळं उघडं पडणार. ही भीती खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. जादूचं पोट गुपितावर चालतं. पण हँडबिलात काय गुपित आहे? तिकिटात, कराराच्या कागदात, रेल्वेच्या पार्सलच्या पावतीत, झगमगीत शेरवानीत, गावोगावच्या प्रयोगांच्या जमाखर्चात काय गुपित आहे? शंभरातल्या नव्वद वस्तू निर्धास्त दाखवण्यासारख्या असतात. उरलेल्या दहांसाठी साधी व्यवस्था करता येते. पेटी बाहेरून दाखवायची, आतून नाही. तिची रचना लिहून, मोहोरबंद लिफाफ्यात ठेवायची आणि देणाऱ्यानं सांगितलेल्या मुदतीनंतरच, मग ती तीस वर्षं असो की पन्नास, अभ्यासकाला उघडू द्यायची. खासगी पत्रं, दफ्तरं अशा अटींवर स्वीकारली जातातच.

दुसरा आक्षेप आपल्या गावात जास्त जोरानं येतो : जादूला प्रतिष्ठा दिली की अंधश्रद्धेला खतपाणी मिळेल. ज्या गावानं गोविंद पानसरे गमावले त्या गावात हा प्रश्न हलक्यात घ्यायचा नाही. पण रंगमंचावरचा जादूगार आणि बुवा यांच्यात मूलभूत फरक आहे. जादूगार तिकीट लावतो, ही हातचलाखी आहे असं सांगतो आणि मग फसवतो. बुवा तीच हातचलाखी करतो आणि दैवी शक्ती म्हणतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिकं करून दाखवतात ती याच विद्येवर. हातातून अंगारा काढणं ही कला आहे हे ज्याला जादूच्या इतिहासातून माहीत झालं, तो अंगाऱ्यापुढं डोकं टेकवण्याआधी थांबून विचार करेल. जादूच्या इतिहासाचं दालन झालंच, तर शाळेची सहल न्यावी असंच ते होईल.

मग करायचं काय? नाट्यगृह महापालिकेचं आहे. पुनर्बांधणीत एक खोली, फार मोठी नको, रंगमंचाच्या स्मृतींसाठी राखून ठेवावी आणि त्यात नाटकाच्या बरोबरीनं जादू, शाहिरी, नकला यांना जागा द्यावी. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी दर वर्षी पाच-सहा म्हाताऱ्या कलावंतांच्या, त्यांच्या सहायकांच्या, पडदे ओढणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या तरी दहा वर्षांत पन्नास होतील. फार मोठा खर्च नाही यात. अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शल या गावात एका पत्रकारानं आणि त्याच्या बायकोनं १९७८ साली जादूचं संग्रहालय उघडलं. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास, आपल्या कागलपेक्षा कितीतरी कमी. नामवंतांइतकंच प्रेम त्या जोडप्यानं आडगावांत खेळ करणाऱ्या, कुणाला न आठवणाऱ्या जादूगारांवर केलं. फ्रान्समधल्या ब्लवा या छोट्या शहरानं आपल्या गावात जन्मलेल्या रॉबेर-ऊदँसाठी राजवाड्यासमोर जादूचं घर उभारलं. हुडिनीचे जवळजवळ चार हजार ग्रंथ अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं १९२७ पासून सांभाळलेत. आपल्याकडं पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्यासारखा जग फिरून आलेला माणूस झाला, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनीही हीच विद्या चालवली. असं एखादं नाव टिकतं ते घराण्यानं टिकवलं म्हणून. ज्यांचं घराणं नाही, त्यांनी कुणाकडं बघायचं?

मी एका संस्थेकडं ही हँडबिलं घेऊन गेलो होतो. "याचं आम्ही काय करू? तुम्ही झेरॉक्स काढून द्या," असं उत्तर मिळालं. त्या माणसावर माझा राग नाही. त्याच्या रजिस्टरात ग्रंथ, ताम्रपट, शस्त्र, नाणी असे रकाने होते, हँडबिलाला रकानाच नव्हता. तो रकाना आखणं हेच पहिलं काम आहे.

गेल्या वर्षी मला एक आजी भेटल्या, उपनगरात मुलाकडं राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. लहानपणी, वयाच्या अकराव्या वर्षापासून पुढं सात वर्षं, त्या एका फिरत्या जादूगाराच्या प्रयोगात करवतीनं कापली जाणारी मुलगी होत्या. जादूगार पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीवर हाच खेळ केला, मुलगी हलेना, निवेदकानं घाईनं कार्यक्रम संपवला आणि ती मेली असं समजून लोकांनी टेलिफोन करून करून बीबीसीच्या लाइनी जाम केल्या, हा किस्सा सगळेच सांगतात. त्या मुलीचं नाव दीप्ती डे होतं, हे सांगणारे फार थोडे. मी आजींना तेच म्हणालो, की मावशी, जादूगाराचं नाव हँडबिलावर असतं, तुमचं कुठं आहे? तर त्यांनी कपाटातून एक घुंगरांची चांदीची साखळी काढून दाखवली. पेटीबाहेर दिसणाऱ्या पायांत घालायची, म्हणजे पाय हलले की वाजायची आणि मागच्या रांगेलाही कळायचं. साखळीचे चार घुंगरू गळालेले होते. "मिरजेत पडलं एक, बाकीची आठवत न्हाईत," म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं ते मी तासभर रेकॉर्ड केलं. थंडीच्या दिवसांत पेटी कशी गार लागायची, खोकला आला तर काय करायचं, पत्र्याच्या तंबूत पाऊस वाजायला लागला की करवतीचा आवाजच ऐकू यायचा नाही म्हणून मास्तर करवत लाकडावर जास्त कशी घासायचे. महिना किती मिळायचा, आईला मनीऑर्डर किती जायची. शेवटी मी विचारलं, पेटीत नक्की कसं झोपायचात? त्या गप्प झाल्या. "ते सांगणार न्हाई, भाऊ. मास्तरास्नी शब्द दिलाय. मास्तर गेले म्हणून शब्द जातुय व्हय?"

मी त्यांना लिफाफ्याची गोष्ट सांगितली. आठ दिवसांनी त्यांच्या नातवाचा फोन आला. आजींनी दोन पानं स्वतःच्या हातानं लिहिली होती, बाजूला पेटीचं चित्रही काढलं होतं. ते कुणाला न दाखवता पाकिटात घालून कडा डिंकानं चिकटवल्या होत्या आणि वर साखळी बांधलेली होती. पाकिटावर 'मी गेल्यावर वीस वर्षांनी उघडणे' असं लिहिलेलं आहे, खाली त्यांचं पूर्ण नाव आणि तारीख. मी माझ्या नोंदवहीत त्याची नोंद केली : काय मिळालं, कुणाकडून, कधी, कुठल्या अटीवर. शेवटचा रकाना 'कायमस्वरूपी कुणाकडे सुपूर्द' असा आहे. तो अजून कोरा आहे.